पन्हळ, पट्ट्या आणि मी

चि. छोट्या यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (सदुसष्ट वर्षांचा झालास तरी छोट्याच राहणार, तक्रार करू नकोस.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावजयीचा खोकला थांबला का? मी अगदी ठणठणीत आहे, हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण तुझ्या भाचीने फोनवर तुला वेगळंच काहीतरी सांगितलं असणार.

तर तुझी भाची, म्हणजे माझी एकुलती एक लेक, मागच्या महिन्यात आली, मागच्या अंगणात उभी राहिली, मान वर केली आणि म्हणाली, "आई, पन्हळीत गवत उगवलंय." खरं तर आपल्या घरात पन्हळीतही गवत उगवतं म्हणजे जागा चांगली, असं म्हणायला हवं होतं. पण तिने लगेच छपराच्या कडेच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. पांढऱ्या होत्या म्हणे एकेकाळी, आता काळ्या-हिरव्या झाल्यात. तुला आता हे घर झेपत नाही, असा निकाल तिने तिथेच दिला. येत्या रविवारी ती जावयांना घेऊन येणार आहे. तोवर पन्हळ आणि पट्ट्या स्वच्छ नसतील तर मी घर विकायचं आणि तिच्या नवव्या मजल्यावर राहायला जायचं. माझी खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावलेत. पडदे मला न विचारता लावलेत, त्यामुळे मी जाणार नाही.

आधी रीतसर माणूस बोलावला. मागच्या बाजूला स्वयंपाकघरावर पत्र्याचं पातळ छप्पर आहे ना, ते बघून तो म्हणाला, इथे शिडी टेकवता येणार नाही, बांबूची परांची बांधावी लागेल, त्यापेक्षा आजी, हे घर काढून टाका. मला जगातली कुठलीही गोष्ट सांगा, पण ज्याला मी चहा दिला त्याने मला घर काढायला सांगू नये. (आणि आजी कोणाला म्हणतो? त्याचेच निम्मे केस गेले होते.) चहा पिऊन होईपर्यंत थांबले आणि मग त्याला वाटेला लावलं.

शिडी लेकीने गेल्या वर्षीच गाडीवर बांधून नेली आणि मी पुन्हा शिडीला हात लावणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं. तो शब्द मी अक्षरशः पाळलाय. माझे दोन्ही पाय सगळा वेळ वरच्या न्हाणीघराच्या फरशीवर होते. खिडकीतून फक्त कमरेच्या वरची मी बाहेर होते, आणि तिच्याबद्दल काही ठरलेलं नव्हतं. पडद्याच्या दांडीला फरशी पुसायचा मॉप बांधला आणि पन्हळीतला चिखल ढकलत ढकलत मधल्या नळापर्यंत नेला. तुला आठवत असेल, आमचं आणि शेजारच्या हेडक्लार्कांचं घर एका भिंतीचं आहे, छप्पर एक, पन्हळ एक आणि पाणी खाली नेणारा नळही बरोबर मध्ये एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चिखल परत जागच्या जागी. पुन्हा ढकलला, पुन्हा आला. त्यात एक निळी रबरी चप्पलही होती. (पहिले दोन दिवस मी तिला पक्षी समजून हुसकावत होते, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, दुसरं काही नाही.) तीन दिवस मी वाऱ्याला आणि कावळ्यांना बोल लावले. चौथ्या दिवशी दुपारी चारला गेले, दांडी सरकवली आणि ती पन्हळीत दुसऱ्या दांडीवर आपटली. पलीकडच्या खिडकीतून हेडक्लार्क कमरेपर्यंत बाहेर. नळ होता तुंबलेला. मी सकाळी ढकललेला सगळा माल त्यांच्याकडे जायचा, आणि ते दुपारी तो शेरा मारून फाइल परत पाठवल्यासारखा माझ्याकडे पाठवायचे. एकाच चिखलाने आम्हा दोघांचे चार दिवस खाल्ले. त्यांचं म्हणणं मूळ कचरा माझा. मी म्हटलं, चप्पल पुरुषाची आहे. त्यावर त्यांनी लगेच विषय तुंबलेल्या नळाकडे वळवला.

मग तह झाला. मी खाली जाऊन बागेचा पाइप नळाच्या खालच्या तोंडात घट्ट बसवला आणि पाणी पूर्ण सोडलं, म्हणजे अडकलेलं खालून वर निघेल. त्यांना बजावलं होतं की डोकं आत ठेवा. पण आयुष्यभर दुसऱ्याचं काम तपासलेला माणूस, त्यांनी बघायला डोकं बाहेर काढलं. जे काय त्या नळात वर्षानुवर्षं साठलं होतं ते एका दमात वर आलं आणि त्यांच्यावर, पट्ट्यांवर आणि माझ्या धुतलेल्या चादरींवर पडलं. मग वरून आवाज आला, "बाई, निघालं." माणूस सभ्य आहे.

त्यानंतर दोन दिवस साबणाच्या पाण्याने एकेक पट्टी घासली, एका टोकाकडून त्यांनी, दुसऱ्याकडून मी. आता पन्हळीतून पाणी खळखळत जातं आणि पट्ट्या दुधासारख्या पांढऱ्या आहेत. रविवारी येऊ दे कोणाला यायचंय ते. मी मान वर करून अंगणात उभी राहणार आहे.

तुझी,
ताई

ता. क. चादरी तिसऱ्यांदा धुतल्या. भावजयीने दिलेली फुलाफुलांची मात्र गेली. तिला सांगू नकोस.

ता. क. २. शनिवारी सकाळच्या गाडीने ये. जेवायला इथेच. पट्ट्या पांढऱ्या आहेत असं मी लिहिलं खरं, पण मला ते दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डॉक्टरने सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं आणि मी कोणालाही सांगितलं नाही, कारण हे कळलं की लेक पन्हळीचं नावही काढणार नाही, सरळ सामान बांधेल. कागद नाकाशी धरला की अक्षर दिसतं, छप्पर नाकाशी धरता येत नाही. हेडक्लार्क उत्तम झालंय म्हणतात, पण त्यांचा चष्मा त्या दिवशीच चिखलात वाहून गेला. मला भीती वाटते, छोट्या. ऑपरेशन मी करून घेईन, पण डोळ्यांवरची पट्टी सुटेल तेव्हा समोर माझं हेच घर हवं. तू ये, अंगणात उभा राहा आणि खरं काय ते मला सांग, तिच्या आधी. काळ्या असल्या तरी सांग. शनिवारची सगळी दुपार आपल्या हातात आहे.