ओटीवरची चूल

आबा, आज चुलत्यांचा नातू आला होता. अंगणात उभा राहून म्हणाला, "आत्या, मधली भित सामाईक हाय, तिच्यावर स्लॅब टेकवायचाय. तुमी नुसती सुपारी फोडा, बाकी मी बगतो." आणि खिशातून सुपारी काढून त्याने ओटीच्या कडेला ठेवली. पोरगं वाईट नाही. पण ती सुपारी बघून माझं डोकं फिरलं, आणि राग आला तो तुमचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो शिळा होत नाही. आईला दिसेनासं झाल्यापासून मी इथंच राहते, त्यामुळे ती भिंत रोज समोर असते आणि तिच्यासोबत तुम्हीही.

मी तेव्हा चौथीत होते. गावात कुणाचा बांध सरकला, कुणाच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात पडल्या, की माणसं तुमच्याकडे यायची. तुम्ही पंच. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निवाडा करायचा नाही, हे तुमचं वाक्य पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. चुलत्यांच्या पोराचं लग्न ठरलं, नव्या जोडप्याला खोली हवी, म्हणून त्यांना आपल्या भिंतीवर वासे टेकवून पाख, म्हणजे उतरत्या छपराची जोडखोली, काढायची होती. त्यांच्या ओटीवर चार माणसं बसली आणि तुम्ही सुपारी फोडलीत. आमच्याकडे सुपारी फुटली की बोलणं संपलं, मग शब्द मागे घेता येत नाही. आई आत भाकरी थापते आहे, मी तिच्याजवळ बसले आहे, आणि भिंतीपलीकडून अडकित्त्याचा आवाज येतो. तिचा हात परातीत थांबतो. तिला कुणी काही विचारलेलं नाही, पण काय गेलं ते तिला तेवढ्यात कळलं आहे.

त्या भिंतीत, चुलीच्या मागे, आईचा झरोका होता. तिच्या घरात उजेड यायचा तो तिथूनच, धूर जायचा तोही तिथूनच. धरणाची वीज आपल्या डोक्यावरून तारांनी मुंबईला जायची आणि आई झरोक्याखाली सूप धरून तांदळातले खडे वेचायची. पाख उभी राहिली आणि झरोक्यापलीकडे त्यांनी कूड घालून वरून लिंपण केलं. भरदिवसा स्वयंपाकघरात दिवा लावायची वेळ आली. पाऊस लागल्यावर लाकडं ओली, धूर कोंडलेला. आईचे डोळे सुजायचे. तिने तुम्हाला एकदाच सांगितलं, "तुमी उजेड दिला त्यास्नी. तो माजा व्हता." तुम्ही पानाला चुना लावत म्हणालात, "शब्द गेलाय. आता काय इलाज न्हाई." पानावरून नजरसुद्धा वर केली नाहीत.

मग एका दुपारी तिने पहार घेतली आणि झरोक्यातून पलीकडच्या कुडाला ताटलीएवढं भोक पाडलं. चूल पेटलेलीच होती. सगळा धूर सुटला तो थेट नव्या नवरीच्या खोलीत. ती बिचारी खोकत अंगणात धावली, चुलते ओरडत आले, गल्ली गोळा झाली. आबा, तेव्हा तुम्ही दोन्ही बाजू ऐकल्या नाहीत. सगळ्यांसमोर आईला म्हणालात, "बायकांची अक्कल चुलीपुरती. तितंच ऱ्हावं." आणि स्वतःच्या हाताने चिखल कालवून ते भोक बुजवलंत, वर झरोकाही बुजवलात. चुलते हसत होते. आई पदराने हात पुसत उभी होती. ते हसणं मी विसरले नाही, आणि तुम्हाला माफ करायचा विचारही कधी माझ्या मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओटीवर, तुमच्या बैठकीच्या जागी, नवी चूल मांडली. हळदकुंकू वाहिलं, पेटवली आणि म्हणाली, "माजी अक्कल चुलीपुरती हाय ना? मग चूल कुटं मांडायची त्ये मला कळतंय." पेटत्या चुलीला आपल्यात पाय लावत नाहीत. ती विझली असती तर तुम्ही फोडली असतीत, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून आई निखाऱ्यांचा आर राखेखाली जपायची, तापात फणफणली तेव्हासुद्धा. तुमचे पंच डोळे चोळत बसायचे, निवाडे आटोपते घ्यायचे. शेवटी बैठक देवळात गेली. चूल हलली नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी, सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून, ती पहिल्यांदा थंड झाली. सुतक फिटल्यावर आईने चूल पुन्हा मांडली ती आत, त्याच अंधारात. मी चिडून विचारलं, तर म्हणाली, "आता भायेर कुनासाटी मांडू?"

आज पोरगं गेल्यावर मी आत जाऊन तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, काय करायचं. तिने मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाली, "मला इचारतीयास?"

"व्हय, तुलाच."

तिने हात पुढे केला. मी सुपारी आणून तळव्यावर ठेवली. ती तिने चाचपून बघितली, फोडली नाही, कनवटीला खोचली आणि म्हणाली, "त्याला सांग, म्हातारी इचार करतीया." तिला आता झरोका असला काय, नसला काय. तरी दुपारभर तिचा हात कनवटीवर होता.

हा कागद तुम्हाला कुठे पाठवणार? आणि आईला वाचून दाखवायची सोय नाही, कारण एक गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही. त्या पावसाळ्यात, पंच देवळाकडे गेल्यावर, तुम्ही चुलीशेजारीच पाट घेऊन बसू लागलात. डोळ्यांतून पाणी गाळत तव्यावरची भाकरी खायचात. आई वाढता वाढता तुम्हाला घालून पाडून बोलायची, तुम्ही उत्तर द्यायचात, आणि असं रोज चालायचं. त्याआधी तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलताना मी ऐकलंच नव्हतं. मी धुरात बसून ऐकायचे. मनातल्या मनात म्हणायचे, तो झरोका असाच बुजलेला राहू दे.