हौसाआत्यांचं अर्धं बोलणं

मंगळवार, बारामती

आज स्वतःचाच राग येतोय. काल कळसच्या हौसाआत्या आमच्या चॅनेलच्या कॅमेऱ्यासमोर न घाबरता बोलल्या, "रस्ता चांगला झालाय, पर नळाला आठ दिस पाणी न्हाय. पुढाऱ्यांनी येऊन एक हंडा भरून दाखवावा."

संपादक म्हणाले, "रस्त्याचं ठेव, हंड्याचं काढ. जाहिराती त्यांच्याच आहेत." मी वाद घातला? कसला वाद! दोन वाक्यं बोललो आणि हंडा कापला. वर आम्ही निःपक्षपाती म्हणून मिरवणार.

संध्याकाळी आत्यांचा फोन आला. "समद्यांनी बघितलं रं. पर पाण्याचं आलंच न्हाय. माजं बोलायचं काय चुकलं का?"

"वेळ कमी पडला, आत्या," मी खोटं बोललो.

"मग फुडच्या टायमाला पाण्याचंच आदी बोलते," त्या म्हणाल्या.