पाठमोरा इसम अनावश्यक

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. (मान, पाठ आणि कंबर मिळून तीन अंगं सध्या संपावर आहेत. पाच टेकली आहेत, उरलेली गृहीत धर.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला गेला, की त्यांनीच त्याच्याशी जुळवून घेतलं? मी ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. गळ्यात पट्टा आहे. डावीकडचं काही पाहायचं असेल तर सगळ्या देहासकट वळावं लागतं, त्यामुळे गल्लीत मला एकदम भारदस्तपणा आला आहे.

हे झालं कसं, ते सांगतो. चौतीस वर्षं मी कॉलेजात पोरांना खोकी शिकवली, हे तू जाणतेसच. (लग्नात तू माझी ओळख ‘हा खोक्यांचा प्रोफेसर’ अशी करून दिली होतीस, ते मी विसरलेलो नाही.) बिस्किटांचा पुडा, औषधाचं खोकं, साबणाचं वेष्टन, लेबल पुढे, माणूस मागे, हे माझं ब्रीद. निवृत्त झाल्यापासून ‘काका, घरी आहात का’ यापलीकडे मला कोणी काही विचारलं नव्हतं. अशात गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता एका मासिकाची संपादक आहे आणि अजून मला घाबरते, म्हणून मला ती आवडते. तिला लेख हवा होता. ‘ओली काडेपेटी’ नावाचा चार जणांचा बँड आहे. कुठल्या कंपनीच्या आश्रयाला नाही. आपणच गातात, आपणच चित्रीकरण करतात, आपणच छापतात (आणि आपणच ऐकतात, असं मी मनात म्हटलं). त्यांच्या गाण्याचा व्हिडिओ आणि अल्बमचं खोकं यांची दृश्यशैली एकच आहे का, आणि असेल तर कशी, हे उलगडून लिहायचं. मी हो म्हणालो. आ बैल मुझे मार, दुसरं काय.

आधी खोकं आलं. एक्स-रेच्या पाकिटाएवढं, चपटं, तपकिरी, हाताने केलेलं. पुढे एकाच रंगात छपाई: धुऊन धुऊन विटलेल्या पडद्याचा हिरवा. आत गाण्यांचे कागद, आणि ते औषधाच्या खोक्यातल्या चिठ्ठीसारखे आठ घड्यांचे. कडेला बारीक अक्षरात ‘वापरण्यापूर्वी हलवावे’. अल्बमचं नाव ‘उशाशी’. मी लगेच लाल पेन्सिल काढून टिपलं की उषा हे मुलीचं नाव असेल तर ‘ष’ पोटफोड्या हवा, आजच्या पोरांना शुद्धलेखनाची चाड नाही. दुसरी नोंद: डावी कड सुटी, डिंकच लावलेला नाही, कारागिरीत ढिलाई. दोन दोष सापडल्यावर मला त्या दिवशी जेवण गेलं.

मग व्हिडिओ. तो मी आवाज बंद करून पाहिला. (विश्लेषण दृश्याचं होतं, शिवाय हल्लीची गाणी मला दाढदुखीसारखी वाटतात.) पहिलंच दृश्य आडवं. कॉम्प्युटर बिघडला म्हणून मी पडदा उभा केला, तर वायर सुटली. वायर लावली तर चित्र पुन्हा आडवं. शेवटी मानच कलती करून पाहायचं ठरवलं आणि तीन दिवस, रोज चार तास, कलत्या मानेने चौदा दृश्यं तपासली. चौथ्या दिवशी मान परत आली नाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटरवर एवढं काय पाहता? मी म्हणालो, गाण्याचा व्हिडिओ. त्यांनी माझ्या वयाकडे पाहिलं आणि पट्टा दिला.

चौदा दृश्यांत आहे काय, तर एक खोली. छताचा पंखा, अर्धं दार, दारापलीकडे फळी. फळीपाशी पाठ करून उभा असलेला एक माणूस. तो बाटल्या सारख्या करतो. अकरा दृश्यांत हेच. उंचीप्रमाणे लावतो, लेबलं पुढे करतो, पुन्हा मोडतो, पुन्हा लावतो. एकदाही वळत नाही. कॅमेरा मात्र जमिनीपासून दोन फुटांवर, हलायचं नावच नाही. मी लिहिलं: ‘हिरवट रंग, घड्या आणि लेबलं यांमुळे खोकं व व्हिडिओ यांत एकसूत्रता आहे. कॅमेऱ्याच्या उंचीचे प्रयोजन कळत नाही. पाठमोरा इसम अनावश्यक. काढून टाकल्यास चौकट मोकळी होईल. काम करणाऱ्यास अभिनय येत नाही.’ अक्का, हे शब्द माझ्या अक्षरात, माझ्या वहीत आहेत.

कॅमेऱ्याची उंची मला स्वस्थ बसू देईना. पोरांना मी शिकवायचो की डोळा नेमका कुठे आहे ते आपण तिथे जाऊन पाहावं. म्हणून गेल्या शुक्रवारी दुपारी मी बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर, पट्ट्यासकट, आडवा झालो आणि कॉम्प्युटर छातीवर ठेवला. पडद्यावर पंखा होता. वर पाहिलं, तर वर पंखा होता. पडद्यावर अर्धं दार आणि दारापलीकडे फळी. समोर पाहिलं, तर अर्धं दार आणि औषधांची फळी. खोली आमची नव्हती, पण मांडणी हुबेहूब आमची. दिवाण त्याच जागी आहे, जिथे तुझ्या भावजयीची खाट सात महिने होती.

मी तसाच पडून राहिलो. मग आवाज सुरू केला. गाणारा माझा मुलगा होता.

तो कुठेतरी वाजवतो एवढंच मला ठाऊक होतं. ती गेल्यावर दोन महिन्यांनी त्याने वेगळं बिऱ्हाड केलं. तेव्हापासून आम्ही बोलतो ते विजेच्या मीटरबद्दल. दोन वर्षांत एकूण चार मीटरची बोलणी झाली असतील. श्रेयनामावलीत सगळी टोपणनावं होती. त्याचं ‘तिसरी काडी’ होतं, ते मला कसं कळणार? आणि उशाशी म्हणजे उशीपाशी. ‘ष’ नको होता. लाल खूण खोडायला गेलो तर कागद फाटला.

लेख सोडून द्यायला हवा होता, पण संपादकीणबाईंनी मुलाखतीची वेळ आधीच घेऊन ठेवली होती आणि मला ‘नको’ म्हणायला कारण सुचेना. रविवारी सकाळी गेलो. टायरच्या दुकानावर एक खोली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चारी भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. आत शिरलं की आपण उभे आहोत की निजलो आहोत ते कळत नाही. दार उघडलं ते ड्रम वाजवणाऱ्या मुलीने. एरवी ती दातांची डॉक्टर आहे. बोलताना ती डोळ्यांत बघत नाही, तोंडात बघते. मी तिला माझं नाव सांगितलं नाही, मासिकाचं सांगितलं. ती म्हणाली बसा, गाणारा येईलच, आणि तुमची खालची दाढ एकदा दाखवून घ्या.

बसायला जागा होती ती खोक्यांच्या ढिगाशेजारी. साठेक असतील. सगळ्यांची डावी कड सुटी. तिथेच डिंकाची बाटली. अक्का, मी हात आवरायचा प्रयत्न केला. पण चौतीस वर्षांची खोड. उघडी कड दिसली की माझी बोटं शिवशिवतात. मनात म्हटलं, पोराने एवढी खोकी हाताने केली, त्याला निदान एवढा हातभार लावू. एकोणीस चिकटवून झाली, विसावं हातात होतं, तेव्हा तो दारात आला.

तो ओरडला नाही. त्याने आधी पट्टा पाहिला, मग डिंक.

“ती कड सुटीच ठेवायची आहे, बाबा.”

‘बाबा’ ऐकून त्या मुलीने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी म्हणालो, ओलाव्याने उघडेल. तो म्हणाला, आईच्या रिपोर्टांचं पाकीट आपण कधीच चिकटवलं नव्हतं, रोज नवा कागद यायचा. यावर मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी बोललो काय, तर व्हिडिओतल्या नटाचं पोट माझ्यापेक्षा मोठं आहे. तो म्हणाला, तो नट नाही, आमच्यात बेस गिटार वाजवतो. गाद्यांच्या खोलीत शांतता फार जाड असते. शेवटी मी विचारलं, माझी नुसती पाठच का घेतलीस.

“मला तेवढीच दिसायची,” तो म्हणाला. “मी तिच्या उशाशी असायचो.”

आणि थोड्या वेळाने, खाली बघत, त्याने विचारलं, “तुम्ही रडत होता का तिथे?”

हो म्हणायची याहून चांगली संधी माणसाला आयुष्यात मिळत नाही. सगळ्यांचं भलं झालं असतं. त्याला बाप मिळाला असता, मला मुलगा, आणि त्या मुलीने आमच्यासाठी चहा टाकला असता. पण मला खोटं बोलता आलं नाही.

“नाही रे. लेबलं वाचत होतो.”

खरंच वाचत होतो. खोकल्याच्या औषधावर ‘दिवसातुन’ असं छापलं होतं, ‘तु’ ऱ्हस्व. सात महिने मी ती चूक रोज वाचली. मागे ती कण्हायची आणि मी ऱ्हस्वदीर्घ तपासायचो. मला भीती वाटत होती, अक्का. वळलो तर ती माझ्याकडे बघत असेल, याची. हे मी त्याला सांगितलं की नुसतं मनात म्हटलं, ते आता आठवत नाही.

त्याने ब्लेड घेतलं आणि चिकटवलेली कड हलक्या हाताने सोडवायला लागला. दुसरं ब्लेड माझ्यापुढे ठेवलं. आम्ही दोघांनी मिळून एकोणीस खोकी उघडली. दोन फाटली, दोन्ही माझ्या हातची.

लेख सोमवारी पाठवला. ‘पाठमोरा इसम अनावश्यक’ हे वाक्य काढलं, त्याजागी ‘आवश्यक आहे’ असं लिहिलं. अभिनयाबद्दलचं मत कायम ठेवलं. भावजींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद लिहिणार होतो, पण आपल्यात आता लहान कोणी उरलेलं दिसत नाही.

तुझा,
भाऊ

ता. क. – संपादकीणबाईंचं उत्तर आलं. म्हणतात, सर, लेख अभ्यासपूर्ण आहे, पण लेखकाचा विषयाशी काही जिव्हाळा असल्याचं जाणवत नाही.

ता. क. २ – आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. त्या रविवारी जिना उतरताना मुलाने मला थांबवलं. आईच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी तो ऑक्सिजनचा सिलिंडर आणून दारात टेकवत होता, तेव्हा ती मला काहीतरी म्हणाली आणि मी ‘हं, हं’ म्हणालो, एवढं त्याने ऐकलं. ती काय म्हणाली, असं तो विचारत होता. दोन वर्षं त्याला ते विचारायचं होतं, म्हणून तो मीटरबद्दल फोन करायचा. अक्का, मला माहीत नाही. मी ऐकलंच नव्हतं. तू तिच्या पायाशी खुर्चीवर मटार सोलत बसली होतीस. तू ऐकलं असशील. जे असेल ते लिही. वाईट असेल तर तसंच्या तसं. ‘स्वतःला जपा’ वगैरे लिहू नकोस. ती तसं बोलणारी नव्हती, आणि तू खोटं लिहितेस तेव्हा तुझं अक्षर सुंदर येतं, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. ऐकलं नसेल तर ‘ऐकलं नाही’ एवढंच लिही.

ता. क. ३ – उत्तर माझ्या पत्त्यावर नको, त्याच्या पत्त्यावर पाठव. तो पत्ता तुझ्याकडे आहेच, हेही मला कळलं आहे. येत्या रविवारी मी तिकडे जाईन. तो मला वाचून दाखवतो म्हणाला आहे. (म्हणाला नाही. ‘बघू’ म्हणाला.)