दोन्ही मुठीत काळं

नांदेड
रविवार, १३ जुलै २०२५

तनुताई,

वैजूचा नमस्कार घे. इकडं सगळे बरे हायत, आईचे गुडघे सोडून. तू बी बरी असशील. नसलीस तरी होस्टेलवाले थोडंच सांगू देतील.

आधी गुन्हा सांगून टाकतो, खुशाली मागून. मी एक पांढरं प्यादं चोरलंय. हे पत्र जिथं सापडलं तिथंच, डब्याच्या तळाला पेपराखाली, बारक्या पिशवीत बघ. तेच ते.

पत्र कामून लिहिलं म्हणशील. तुझा फोन त्यांनी काढून घेतला. रविवारी दहा मिनिटं बोलू देतात, तर रेक्टरबाई तिकडून स्पीकर लावते आन आई इकडून. पोस्टानं धाडलं असतं तर बाईनं फोडून वाचलं असतं. लाडू काय ती फोडून वाचत न्हाई. बालाजीभाऊ मंगळवारी साऊंड घेऊन लातूरला चाललाय, कुठल्या तरी क्लासवाल्याचा सत्कार हाय, त्याच्या हाती डबा देतो.

मे महिन्यातलं तुला आठवायचं नसेल. बोर्ड तू माळ्यावर फेकलास त्याच दिवशी आईनं ताकीद दिली, तिच्यापुढं बुद्धिबळाचं नाव काढायचं न्हाई म्हणून. मी तरी काढून राहिलो. तुला सगळं म्हाईत हाय, तू तिथंच होतीस, पण मी पहिल्यापासून लिहितो. माझंच मला कळंना झालंय. लिहिता लिहिता लागलं तर ठिकाण लागंल.

नांदेडातल्या त्या स्पर्धेला आठ जण बोलावलेले, सगळे बाविसशे रेटिंगच्या वरचे, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, सात दिवस. आठात पोरगी तू एकटी. मी बालाजीभाऊच्या साऊंडवर, माईक माझ्या हाती. पप्पानं आधीच बजावलं होतं, पहिली आलीस तर चेन्नईच्या अकॅडमीत वर्षभर खेळ, न्हाई आलीस तर लातूर, रिपीटर बॅच, मग बुद्धिबळ बंद. तू मान हलवलीस. मला वाटलं, ही इतकी सहज मान हलवती म्हंजे जिंकणारच.

आन तो नियम. डाव बरोबरीत सुटला की लगेच छोटा डाव, पांढऱ्याला दहा मिनिटं, काळ्याला सात. पण तो बी बरोबरीत सुटला तर काळा जिंकला. मी हे माईकवर इतक्यांदा सांगितलं की झोपेत बी बडबडायलो म्हणं. पहिल्याच दिवशी एक आजोबा उठले, म्हणले, "दोघं सारखे राहिले तर काळा जिंकला कसा? मग ती बरोबरी कशाची?" मी म्हणलं, आजोबा, लग्नात दोन्हीकडचे सारखेच असतात, तरी मान वरपक्षालाच ना? तवा कुठं ते खाली बसले.

काळं कुणाला, पांढरं कुणाला, हे मुठीवर ठरायचं. स्टीलच्या डबीत एक पांढरं आन एक काळं प्यादं. त्या दिवशीचा प्रमुख पाहुणा दोन मुठीत दोन धरणार, खेळाडूनं एका मुठीला बोट लावायचं. पाहुणे रोज नवे, पण तू समोर असलीस की अक्कल सगळ्यांची एकच. "लेडीज फर्स्ट" म्हणून मुठी तुझ्यापुढं. फोटो चांगला येतो ना. तुझे असे तीन छोटे डाव झाले. दोनदा तुला काळं आलं, दोन्ही जिंकलीस. एकदा पांढरं आलं, हरलीस. मला तुझ्याइतकं खेळता येत न्हाई, पण एवढं कळतंय. तू हरत न्हाईस, बाभळीच्या बुंध्यात कुऱ्हाड अडकावी तशी अडकून बसतीस. अडकून बसणाऱ्याला काळंच पाहिजे.

शेवटच्या दिवशी तुझे आन लातूरच्या आनंदराजचे गुण सारखे. आन डाव तुमच्या दोघांचाच. साडेचार तास चालला, बरोबरी. पंचानं पंधरा मिनिटं सुट्टी दिली, सगळे चहाला पळाले. डबी माझ्या माईकच्या टेबलावर. दोन नंबरच्या बोर्डाचे खेळाडू कवाच उठून गेले होते. तिथलं एक काळं प्यादं उचललं, डबीत टाकलं, डबीतलं पांढरं माझ्या खिशात. झालं काम. शाळेत सरांच्या खुर्चीवर खाजकुयली टाकायला यापेक्षा जास्त येळ लागायचा.

माझं गणित सरळ होतं. लेडीज फर्स्ट. तू उजवी धर का डावी धर, निघणार काळंच.

मग आले भोकरचे शेषेराव सर, रिटायर हेडमास्तर, ते काळं जॅकेट घातलेले. इमानदारी दाखवायला त्यांनी डोळे मिटून डबीत हात घातला. मी मनात म्हणलं, व्वा गुरुजी, तुम्ही तर माझंच काम सोपं केलं. मुठी तुझ्यापुढं आल्या, तू बोट बी उचललंस. आन त्यांनी मुठी मागं घेतल्या.

"थांब बाई. तू आपल्या घरची हाईस. हे लेकरू लातूरहून पाहुणं आलंय. आपल्याकडं पाहुण्याच्या आधी घरचं कुणी ताटावर बसतंय का?"

सगळ्या हॉलनं माना डोलवल्या. तू बी हसून मागं सरकलीस. आनंदराजनं डाव्या मुठीला बोट लावलं. काळं.

सहा दिवस एकाच्या बी ध्यानात पाहुणचार आला न्हाई, तो नेमका त्या दिवशी यावा. त्यात सर दुसरी मूठ बी उघडून दाखवायला लागले. मी गाण्याच्या मशीनवर टाळ्यांचं बटण दाबलं. स्पीकरमधून हजार माणसाच्या टाळ्या. ते ऐकून खरी माणसं बी वाजवायला लागली, आन सर बी, मूठ तशीच मिटून. मग मूठ गेली जॅकेटच्या खिशात आन मोकळी होऊन बाहेर आली.

पुढचं तूच सांग, तू खेळलीस. मला आठवतंय ते एवढंच की शेवटी तुझं एक प्यादं जास्त होतं, काठाचं, आन एक उंट. सगळे म्हणायले, जिंकली, जिंकली. पण प्यादं जिथं वजीर व्हायचं त्या कोपऱ्याच्या उलट्या रंगाच्या घरातला उंट. आनंदराजचा राजा त्याच कोपऱ्यात जाऊन बसला, आन तुला त्याला उठवताच येईना. बोर्डावर तुझं एक प्यादं जास्त, माझ्या खिशात अजून एक, आन दोन्हीचा उपेग शून्य. बरोबरी. म्हंजे तो जिंकला. तू हात पुढं केलास. मी माईकवर निकाल सांगितला, माझ्याच तोंडानं.

ऑटोत तू काय म्हणलीस, आठवतंय का? "माझ्या हातालाच यश न्हाई वैजू. काळं आलं असतं तर तरले असते." अगं, तुझ्या हातानं तर मुठीला शिवलं बी नव्हतं. मी बाहेर बघत बसलो. तवापासून तू हाताला दोष देतीस, नशिबाला देतीस, आईनं तुझ्यासाठी शनिवार धरलाय. म्हणून लिहितोय. तुझं नशीब चांगलं हाय तनुताई. भाऊच नासका निघाला.

कधी कधी वाटतंय, मी काही केलं नसतं तरी तेच झालं असतं. आनंदराजनं आधी बोट लावलं, त्याला निम्मा चान्स होताच काळ्याचा. मग माझा गुन्हा निम्माच झाला ना? मग वाटतंय, न्हाई, मी तो पुरा केला. मग वाटतंय, मुठी तुझ्यापुढं आल्या असत्या आन तू काळ्यानं जिंकली असतीस, तर मी आज शहाणा म्हणून फिरलो असतो, आन चोरी तीच की. इथपर्यंत आलं की डोकं बंद पडतंय.

आता सांगायची खरी भानगड. परवा शुक्रवारी शेषेराव सर आपल्या साऊंडच्या दुकानात आले. बालाजीभाऊ नव्हता. त्यांनी काउंटरवर काळं प्यादं ठेवलं. सूनबाईनं जॅकेट धुवायला काढलं, तवा खिशात सापडलं म्हणले, द्यायचं राहून गेलं होतं. मी म्हणलं, द्या सर, पोचवतो. ते काही हलेनात. म्हणले, "त्या पोरानं काळं उचललं होतं ना रे? मग माझ्याकडं बी काळं कसं?"

मी म्हणलं, सर, जॅकेटचा रंग लागला असंल.

"प्लास्टिकला?"

मी वायरी गुंडाळायला लागलो. मग सरांनी प्यादं उचलून परत खिशात घातलं आन म्हणले, वीस तारखेला, रविवारी संध्याकाळी घरी येतो, तुझ्या वडिलांना भेटायचं हाय. रागावून म्हणले असते तर बरं झालं असतं. चहाला येतो म्हणावं तसं म्हणले.

मी खरं सांगितलं तर काय होईल, इचार कर. लोक म्हणतील, भावानं प्यादं बदललं म्हंजे बहिणीला म्हाईत असणार. भावानं केलं आन बहीणच हरली, हे कोण मानंल? तुझ्यावर बंदी येईल, पुढं कधी खेळायचं म्हणलीस तरी दार बंद. न्हाई तर म्हणतील, डाव परत खेळा. मग आनंदराजचं काय? पहिल्याचं बक्षीस म्हणून तो चेन्नईच्या त्याच अकॅडमीत गेलाय. त्याचा काही गुन्हा न्हाई, त्यानं बोट लावलं फक्त. परवा त्याचा मेसेज आला होता मला, "ताईला सांग, तो डाव मी जिंकलो नाही, वाचलो." मी अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवू?

आन खरं न्हाई सांगितलं तर सर सांगतील. का न्हाई सांगणार? काय की.

एक लिहायचं राहिलं. मुद्दामच मागं ठेवलं होतं.

आनंदराजनं काळं उचललं तवा माईक माझ्या हातात चालू होता. "सर, दुसरी मूठ बी दाखवा की," एवढंच म्हणायचं होतं. मी तर सात दिवस टवाळकीच करत होतो, कुणाला शंका बी आली नसती. दोन्ही काळी निघाली असती, सगळे हसले असते, पंचानं डबी परत नीट भरली असती. एक वाक्य, ताई. मी टाळ्या लावल्या.

भ्यालो म्हणून लावल्या, असं मी दोन महिने स्वतःला सांगितलं. भ्यालो होतो बी. पण बटण दाबताना मनात आलं ते दुसरंच. मनात आलं, आता ही चेन्नईला जात न्हाई.

आन मला बरं वाटलं. लई न्हाई, टाळी वाजून संपेस्तोवर.

तुला म्हाईत हाय, अकरावीत आपटलो तवापासून पप्पा माझ्याशी तुझ्याकडून बोलतात. मी समोर बसलेलो असलो तरी, "तनू, त्याला म्हणाव जेव." "तनू, त्याला इचार कुठं उंडारत होता." तू चेन्नईला गेली असतीस तर कुणाला म्हणले असते? एवढाच इचार होता. प्यादं बदललं ते तू जिंकावं म्हणून, आईची शप्पथ. टाळ्या कशासाठी लावल्या ते मला आजबी नीट कळत न्हाई. एकाच हातानं दोन्ही केलं, दोन्हीच्या मधात वीस मिनिटं बी न्हाईत.

आन झालं काय? चेन्नई गेली, लातूर आलं. तू तर गेलीसच. आता पप्पा कुणालाच काही म्हणत न्हाईत. ताट वाढलेलं असतं, मी येतो, जेवतो, ते बातम्या बघतात.

आता तूच ठरव. रविवारी सकाळी तुझा फोन येईल, सर यायच्या आधी. आई लाडवाचं इचारंलच. तू "गोड झालेत" म्हणलीस तर मी ते यायच्या आत पप्पाला सगळं सांगतो, टाळ्यासकट. "कडक झालेत" म्हणलीस तर तोंड शिवून बसतो, जे व्हायचं ते होऊ दे. पण कडक म्हणलीस तर आईला वाईट वाटंल, तिनं गुडघे दुखत असताना बसून वळलेत. ते बघून बोल. खरं तर छानच झालेत, दोन मी खाल्ले, तेवढे कमी भरतील.

पांढरं प्यादं तुझ्याजवळच ठेव. माझ्या खिशात असलं की सारखा हात तिकडंच जातो.

आन ताई, रविवारपर्यंत कुणाला सांगू नको. रूममधल्या पोरींना न्हाई, रेक्टरबाईला तर न्हाईच, आनंदराजला बी न्हाई. पप्पाला सांगायचं असलं तर ते मलाच सांगू दे. तेवढं तरी तुझ्याकडून नको. हात जोडतो, कुणाला म्हंजे कुणालाच सांगू नको.

तुझा,
टाळ्या वाजवणारा
वैजू