उजवीकडची सीट

२ नोव्हेंबर, रविवार

हॅलिफॅक्सला पोहोचले. सामान सगळं आलं, लोणच्याची बरणीसुद्धा फुटली नाही. विमानतळावर विलासकाका आणि उमाकाकू घ्यायला आले होते. काकू आईच्या मैत्रिणीची मावसबहीण, म्हणजे नातं तसं काहीच नाही. तरी त्यांनी त्यांचं बेसमेंट मला भाड्याने दिलंय. स्वतंत्र वॉशरूम आहे आणि खिडकी लॉनच्या पातळीला. उशीवर डोकं ठेवलं की गवत डोळ्यांसमोर येतं. मला आवडलं.

काका सिव्हिल इंजिनियरिंगचे निवृत्त प्राध्यापक, काकू भूलतज्ज्ञ होत्या. पार्किंगमध्ये मी सवयीने गाडीच्या डाव्या पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिले. काका हसून म्हणाले, उतरल्या उतरल्या गाडी चालवणार का तू? इथे ती ड्रायव्हरची बाजू. मी वळसा घालून उजव्या दाराकडे गेले, तर काकूंनी दंड धरून मला मागे त्यांच्याशेजारी बसवलं. पुढची सीट रिकामी होती आणि तिचा पट्टा लावलेला. काका म्हणाले, सेन्सर जुना झालाय, पट्टा नसेल तर सारखा वाजतो.

पुण्यात चार वर्षं मी हेच सेन्सर तपासत होते. कधीतरी बघून देईन असं म्हटलं.

उद्या नवी नोकरी. जहाजांचे सेन्सर. खूश आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

काकांनी ग्रोसरीसाठी गाडी दिली. मी पुन्हा सवयीने चुकले. किल्ली घेऊन उजवं दार उघडलं, पट्टा सोडवून बसले आणि स्टिअरिंग शोधायला लागले. इथल्या प्रत्येक भारतीयाने हा विनोद एकदा तरी केलेला असणार.

सीट गरम होती. गाडी रात्रभर बाहेर उभी होती, काचांवर दव गोठलेलं.

तेवढ्यात काकू घरातल्या चपलांवरच बाहेर आल्या. रागावल्या नाहीत. 'ऊठ गं बाळा, तुझी जागा तिकडे,' एवढंच म्हणाल्या, पट्टा पुन्हा लावला आणि त्यावरून हात फिरवला.

डावीकडे जाऊन गाडी सुरू केली. डॅशबोर्डवर एक छोटा दिवा असतो. शेजारच्या सीटवर मोठा माणूस बसला असेल तर तो एअरबॅग 'चालू' दाखवतो, सीट रिकामी असेल तर 'बंद'. तो 'चालू' दाखवत होता. सीटच्या स्पंजमध्ये ओल गेली की असं होतं. गरम सीटचं कारण मात्र अजून सापडलेलं नाही.

हे लगेच लिहून ठेवतेय. चाचणी घेतानाही मी घडत असतानाच लिहिते. नंतर लिहिलं की मन सोयीचं तेवढंच आठवतं.

७ डिसेंबर, रविवार

जेवताना काकूंनी विषय काढला. दर फेब्रुवारीत ते दोघं आठवडाभर बार्बाडोसला जातात. या वर्षी मी पण यावं, खर्च त्यांचा. मी नको म्हटलं. मला कुणाच्या उपकारात राहायला आवडत नाही. काकू म्हणाल्या, उपकार कसले, तुला गाडी चालवावी लागेल.

मग काकांनी ताट बाजूला सारून सांगितलं. त्यांचा मुलगा नील तिथेच गेला, आठ वर्षांपूर्वी. त्या बेटावर भारतासारखी डावीकडून वाहतूक. नील इथे जन्मला, इथेच गाडी शिकला. भाड्याच्या गाडीत एकटाच होता. एका वळणावर सवयीने उजवीकडे गेला आणि समोरून बस आली.

काकूंना तिथे गाडी हवी आहे. काकांना नको. ते म्हणाले, आठ वर्षं टॅक्सीने फिरतोय, काही अडलं नाही. काकू म्हणाल्या, टॅक्सीवाला म्हणेल तिथे उतरायचं, याला फिरणं म्हणतात का? काका म्हणाले, कुठे फिरायचंय तुला ते मला माहीत आहे. काकूंच्या डोळ्यांमुळे त्यांचा परवाना गेलाय आणि काका तिथे स्टिअरिंगला हात लावणार नाहीत. म्हणून निर्णय माझ्यावर टाकला. गाडी घ्यायची की नाही, ते मी सांगायचं.

डावीकडून चालवणं माझ्या हाडात आहे. भीतीचं कारण नाही. तरी विचार करते म्हटलं.

११ जानेवारी, रविवार

काकू देवळात गेल्या होत्या, मैत्रिणीच्या गाडीने. मी सीट तपासली. ओल नाही. वायर शाबूत. शेवटी सेन्सरची जोडणीच काढली. अशा वेळी दिव्याने बिघाड दाखवायला हवा.

त्याने 'चालू' दाखवलं.

पट्टा सोडवला. घंटी वाजायला लागली. ज्या सेन्सरमुळे ती वाजते त्याची सुटी वायर माझ्या हातात होती.

पट्टा लावला. थांबली.

जोडणी परत बसवली. हात धुतले. जसं घडलं तसं इथे लिहून ठेवलं.

२५ जानेवारी, रविवार

काल भरपूर बर्फ. सकाळी काका आणि मी ड्राइव्हवे शोव्हल करत होतो. दिव्याचं त्यांना सांगितलं. त्यांनी फावडं बर्फात रोवलं आणि नीलचं सांगायला लागले.

नीलचं दहाव्याचं त्यांनी इथेच केलं, समुद्राकाठच्या पार्कात. पिंड ठेवला. कावळे भरपूर, पण एकही शिवेना. अशा वेळी गेलेल्याची इच्छा ओळखून कबूल करायची असते. काकांनी सगळं कबूल केलं. आईला सांभाळीन, तुझ्या मित्रांना तुझी पुस्तकं देईन. कावळे झाडावरून नुसते बघत राहिले. शेवटी काकू पुढे झाल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, तुला तिथे नेईन, उरलेला रस्ता तुलाच चालवायला देईन.

कावळा लगेच उतरला.

काका म्हणाले, मी शास्त्र शिकवलंय आयुष्यभर, भूक लागली म्हणून उतरला असेल. पण त्या दिवशी घरी येताना ती गाडीत मागे बसली, तेव्हापासून मागेच. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, मला वाटतं तू नाही म्हणावंस.

१ फेब्रुवारी, रविवार

झोप नीट नाही. उशीवरून लॉन दिसतं, त्यापलीकडे गाडीचं उजवं चाक.

काकू खाली आल्या होत्या. साबुदाण्याची खिचडी घेऊन. कबूल केलेलं आठ वर्षं राहिलंय, एवढंच म्हणाल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

मी असा विचार केला: बिघाड या गाडीत आहे. तिथली गाडी वेगळी, सेन्सर वेगळा. काकूंना शेजारची सीट रिकामी दिसेल, दिवा 'बंद' दाखवेल, आणि हे एकदाचं संपेल. चालवणार मी. मला डावी बाजू चुकणार नाही.

हो म्हटलं.

काका म्हणाले, मग मीही मागे बसणार. हिला एकटीला नाही सोडणार. हिला म्हणजे कुणाला, ते विचारलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

टोरांटोमार्गे बार्बाडोस. ऊन. गाडी उद्या सकाळी हॉटेलवर येईल. निघताना काकूंनी हॅलिफॅक्सच्या गाडीचा तो पट्टा सोडवला. इंजिन सुरू होतं.

घंटी वाजली नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळ

गाडी आली. पांढरी, नवी. काका-काकू मागे. शेजारची डावी सीट रिकामी. दिवा तपासला.

'बंद'. बरोबर. शेजारी कुणी नाही.

इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. काकूंना दिवा दाखवला, म्हटलं, बघा, रिकामी आहे. त्या दिव्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. शांत, तृप्त चेहरा.

निघतोय.

१५ फेब्रुवारी. गाडीत

थांबवली आहे. लिहिते. लगेच लिहायला हवं.

गाव संपेपर्यंत ठीक होतं. मग काका ओरडले. मी रस्त्याच्या उजव्या बाजूला होते. कधी गेले ते आठवत नाही. मी चुकत नाही. मी डावीकडे शिकले. उजवीकडे जाण्याची सवय माझी नाही—

दिवा अजून 'बंद'. डावी सीट रिकामी. बरोबर आहे. तो डावीकडे कधी बसलाच नव्हता. तो उजवीकडच्या सीटवर असतो.

इथे उजवीकडच्या सीटवर मी आहे.

सीट गरम आहे. मागच्या बाजूने नाही. आतून. जणू मी कुणाच्या मांडीवर—

काका दार उघडायचा प्रयत्न करताहेत. मागून काकूंचा आवाज. माझ्याशी नाही. 'सावकाश हं, नीलू. वळण आहे.'

इंजिन मी बंद केलं होतं. बंद केलं होतं. चालू आहे.

पट्टा सुटत नाही. वही डाव्या मांडीवर आहे. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. उजवा हात स्टिअरिंगवर आहे. मी ठेवलेला नाही. काढतेय, बोटं उघडत नाहीत, बोटं माझी—

हललो. उजव्या बाजूने. काका उमा उमा म्हणताहेत. पुढे वळण. हॉर्न ऐकू येतोय, मोठा, बसचा. डावा हात माझा आहे अजून. वही सोडून डाव्या हाताने चाक ओढते, डावीकडे, डावीक