सुईच्या अमलातली म्हैस

अकोला, ता. ९ जानेवारी १९३८

ती. सौ. गोजराताईस दौलतचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

कडब्याच्या गंजीवरून पडून माझी नडगी मोडली, हे घरून, अनसिंगहून तुला कळलंच असेल. इथल्या डॉक्टरसाहेबांनी पाय उघडून हाडाला लोखंडी पट्टी बसवली. दुखतं का म्हणशील, तर मुळीच नाही. मॉर्फियाची सुई देतात. ती अफूच्याच घराण्यातली, पण मोठ्या गुणाची. टोचली की शेजारच्या खाटेवरचा घोरणारासुद्धा भजन म्हणतोय असं वाटतं.

आपला गडी रामसिंग भेटायला आला, त्याला छकडा देऊन टाकला. तुझा जिच्यावर डोळा आहे ती भुरी म्हैस तू घेऊन जा. रुख्मिणी इथे राहून माझं सगळं करते. जावई गेल्यापासून पोर हसली नव्हती. आता नर्सबाईंच्या मागे फिरते, पट्ट्या बांधते. तिला इथेच राहून नर्सचं शिकायचं आहे. मी म्हटलं, शीक.

लोभ आहेच, म्हैस नेल्यावर थोडा वाढवावा.

तुझा,
दौलत

मंगरूळपीर, ता. १४ जानेवारी

चि. दौलतरावास अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझं, पण बोलणं भलत्याच कोणाचं. बहिणीला वांगी देताना किडकी निवडणारा तू, आणि म्हैस देतोस? म्हटलं, शुभस्य शीघ्रम्. त्याच दिवशी माणूस पाठवून ती आणवली. रुख्मीचं वाचून मात्र डोळे भरून आले. फार चांगलं केलंस बाबा. अफूनं पोट धरतं म्हणतात, एरंडेल घेत जा.

माया आहे, ती राहीलच.

गोजरा

अकोला, ता. २१ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुई बंद झाली. डॉक्टरसाहेब म्हणतात, आणखी दिली तर पाय चालेल, पण माणूस सुईवाचून चालणार नाही. आता ॲस्पिरीनच्या गोळ्या. सूज उतरते हे खरं, पण ठणका राहतोच, वर छातीत जळजळ. दुधाबरोबर घ्या म्हणतात, आणि म्हैस तुझ्या गोठ्यात. शेजारचा घोरतोच आहे.

सुईच्या अमलात बोललो ते सगळं रद्द. छकडा रद्द, म्हैस रद्द, पोरीचं शिकणंही रद्द. विधवा पोर परगावी ठेवली तर लोक काय म्हणतील? रामसिंग म्हणतो की मालक, तुमीच तं देल्ला, मी काय मांगाले आलो होतो? रुख्मिणीनं गुंडाळलेल्या पट्ट्या नर्सबाईंना परत नेऊन दिल्या. ते पायापेक्षा जास्त दुखतं.

राग नसावा, लोभ असावा.

दौलत

मंगरूळपीर, ता. २६ जानेवारी

चि. दौलतरावास आशीर्वाद.

तुझी म्हैस पारडावाचून लाथा झाडते, दुधाचा थेंब देत नाही. तरी ती मी सोडणार नाही. छकड्याचं तू आणि रामसिंग पाहा. पण पोरीचा शब्द मोडलास तर भाऊबीजेला माझ्या दारी येऊ नको. लोकांचं म्हणतोस, तर खाटेखाली भांडं धरायला लोकांपैकी कोण आलं होतं? सुई बोलली म्हणतोस ना? मग गोळी घे, पाय ठणकू दे, आणि तिला समोर बसवून शुद्धीत नाही म्हणून दाखव.

तरीही तुझीच,
गोजरा

अकोला, ता. ३१ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज प्लास्टर बदलायचं आहे. फार दुखेल म्हणून आजच्यापुरती सुई आहे. नर्सबाईंना थांबवून आधी हे लिहितो. पाय असा ठणकतो आहे की डोळ्यांत पाणी येतं. तशातच रुख्मिणीला समोर बसवलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तिच्याकडे पाहून तो शब्द निघेना. म्हटलं, तू शीक, हे तुझा बाप बोलतो आहे, सुई नाही. डॉक्टरसाहेब साक्षीला होते. पोर रडली, मग हसली. म्हैस मात्र परत पाठव.

प्लास्टर झालं. आज हवा काय सुरेख आहे. शेजारच्यानं भजन धरलं आहे. ताई, म्हशीचं मनावर घेऊ नको, तिचं पारडूही पाठवतो. विहिरीजवळचा आंबाही तुझाच समज.

दौलत

आत्याबाईंस रुख्मिणीचा नमस्कार. वरचा मजकूर सुईच्या आधीचा आहे, खालचा नंतरचा. वरचा तेवढा खरा धरावा. मी उद्यापासून शिकायला लागते. म्हैस पाठवून द्यावी, बाबांना घरी नेल्यावर गोळ्या दुधाबरोबरच द्यायच्या आहेत.