न विचारता बुजवलेल्या खड्ड्याबद्दल

मी, काजल ईश्वरदास निनावे, वय सत्तावीस वर्षे, व्यवसाय एका सामाजिक संस्थेत नोकरी, राहणार टिमकी, नागपूर, पूर्ण शुद्धीवर आणि शांत नसले तरी स्वच्छ डोक्याने हे लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीला घातलेले नाही. उलट बाबा म्हणाले, "दवाखान्यात जाताना असे कागद लिहीत नसतात." पण येत्या बुधवारी, १९ नोव्हेंबरला, सकाळी आठ वाजता माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. शंभरातले सत्त्याण्णव बरे होऊन घरी जातात, असे डॉक्टरांनी हसत सांगितले. मी तेव्हापासून उरलेल्या तिघांचाच विचार करत आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात माझा भाऊ वैभव याने सगळे पाहावे.

१. माझ्या बचत खात्यातली रक्कम बाबांची, कलम ५ साठी लागेल तेवढी सोडून. बाबा विणकर होते. आमचा माग मी सहावीत असताना विकला आणि तेव्हापासून ते गांधीबागेत एका कापड दुकानाच्या दारात पहारा देतात. ती नोकरी त्यांनी सोडावी अशी माझी इच्छा आहे. पण सोडायची की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. हे वाक्य लिहायला मला सात महिने लागले. का लागले, ते पुढे आहे.

२. स्कुटी वैभवची. अट एकच, हेल्मेट. मी कामावरून आले की तो दारातूनच ओरडायचा, "चला रे, चपला सरकवा, देवमाणूस आल्या!" मला राग यायचा. त्याबद्दल त्याला माफ केले आहे, कारण त्याचे फार चुकत नव्हते.

३. पुस्तके वॉर्डातल्या अभ्यासिकेला. पदवीची दोन्ही प्रमाणपत्रे बाबांकडे राहू द्यावीत. ती त्यांनी लॅमिनेट करून आणली होती, दुकानदाराला दोनदा सांगून की आमच्या घरातली पहिली आहे. शेजारच्या गल्लीतले नत्थूजी तेव्हा बाबांना म्हणाले होते, "पोरीले एवढं शिकवून का कलेक्टर करतं का गा ईश्वर?" नत्थूजींना माझ्या तेरवीला दोन वाट्या बुंदी जास्त वाढावी. त्यांना शुगर आहे, तेव्हा आधी विचारून.

४. माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. ती कॉलेजातली प्रश्नावली आहे, माणूस इतरांशी किती करुणेने वागतो हे मोजणारी. चोवीस प्रश्न होते. मला एकशेवीसपैकी एकशेअकरा मिळाले, वर्गात सर्वांत जास्त. सतरावे विधान असे: "न सांगता मला दुसऱ्याचे दुःख कळते." मी "नेहमी" वर खूण केली आहे, पेन दोनदा फिरवून. तो कागद कोणाला देऊ नये. जाळूही नये. प्रश्न ठीक होते. उत्तरे माझी होती.

५. हे कलम माझ्या मोठ्या आईबद्दल आहे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या पत्नी अंजनाबाई, वय एकाहत्तर. खरे सांगायचे तर हे मृत्युपत्र मी याच कलमासाठी लिहायला घेतले.

मोठी आई आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहते. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. त्या खोलीत जमिनीत खड्डा होता आणि त्यावर थोरल्या बाबांचा माग. विणकर काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो, तसा. थोरले बाबा गेल्यावर मोठ्या आईने काही महिने त्यावर लुगडी विणली, मग तेही थांबले. तिचे गुडघे दुखायचे. भिंतीला धरून खड्ड्यात उतरताना ती "अगं माय" म्हणायची, ते मला माझ्या खोलीत ऐकू यायचे. संस्थेत मी म्हाताऱ्या माणसांच्या घरांची पाहणी करते, कुठे पाय घसरतो, कुठे पायरी उंच आहे. मला वाटले, माझ्याच घरात हे काय चालले आहे?

गेल्या रामनवमीला ती चार दिवस रामटेकला गेली होती. तेवढ्यात मी खड्डा बुजवला, वर पांढरी फरशी लावली, हात टेकायच्या दोन दांड्यांची खुर्ची आणली. तिला अचानक दाखवायचे होते. माग काढणाऱ्याचा मला ऑफिसात फोन आला, "ताई, फणीत धागे हायेत, का करू?" मी मीटिंगमध्ये होते. म्हटले, "कापून टाका."

मी विणकराची मुलगी आहे. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपला तरी त्याची टोके फणीच्या दातांत तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना सांधतात. माग कधी रिकामा होऊ देत नाहीत. मला हे पाचव्या वर्षापासून माहीत आहे. त्या फणीतली टोके थोरल्या बाबांनी शेवटच्या आजारात सांधलेल्या ताण्याची होती.

मोठी आई परतली. दारात उभी राहून फरशीकडे बघत राहिली. मी म्हटले, "आता गुडघे नाही दुखणार." ती म्हणाली, "तुले कोणं सांगतलं होतं?" बस. त्या दिवसापासून ती वेगळी चूल मांडते आणि माझ्याशी बोलत नाही. सात महिने झाले. झडपेचे कळले, तेव्हाही तिने बाबांनाच विचारले.

या कलमाचा पहिला मजकूर मी खोडला आहे. त्यात लिहिले होते की माझ्या पैशातून फरशी फोडावी, खड्डा पूर्वीसारखा खणावा आणि उमरेडहून जुना माग आणून बसवावा. लिहून मला फार हलके वाटले. वैभवला वाचून दाखवले. तो म्हणाला, "छान. अन् हे तिले विचारलं का?"

मी कागदाची घडी घालू लागले.

"म्हणजे ह्या वेळीबी ती रामटेकले गेल्यावरच का?"

आज दुपारी मी तिच्या दारात गेले. ती खाली बसून वाल सोलत होती, एक पाय लांब करून. खुर्चीवर गाद्या रचलेल्या. मी उंबऱ्याबाहेरूनच विचारले, "मोठी आई, खड्डा परत खणून देऊ का? माग बसवू का?"

तिने हातातली शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले. मग म्हणाली, "माग का करू? विणत कुठं होती मी? त्या खड्ड्यात पाय सोडून बसत होती. मांडी घालता येत नाही, खुर्चीवर पायाले मुंग्या येतात. तेवढी एकच जागा होती मले बसाले."

"पण उतरताना तू अगं माय म्हणायची..."

"तुले तेवढंच आयकू आलं. बसल्यावर मी चुप राहत होती, ते नाही आयकू आलं."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको वं, मले आता तुलेच समजवा लागीन. काम आहे मले."

मी पुन्हा विचारले, मग काय हवे? ती म्हणाली, "आज माहीत नाही. माहीत झालं का सांगीन. न सांगता काही करू नको." धाग्यांबद्दल मी माफी मागितली. तिने पुढची शेंग सोलायला घेतली.

म्हणून कलम ५ आता असे: माझ्या बचतीतला अर्धा भाग मोठ्या आईच्या खोलीसाठी बाजूला ठेवावा. ती सांगेपर्यंत कोणी काही खणू नये, बुजवू नये, आणू नये. तिने कधीच काही सांगितले नाही तर पैसे तिचे, आणि तिने ते कशावर उडवले हे कोणी विचारू नये.

६. निघताना मी तिला विचारले, बुधवारी दवाखान्यात येशील का? ती म्हणाली, "बुधवारचं बुधवारी विचारजो." मला आत साडेसहाला नेणार आहेत आणि आदल्या रात्रीपासून मी तिथेच असेन, मला विचारता येणार नाही. तेव्हा बुधवारी पहाटे वैभवने तिच्या दारात जावे आणि एकदाच विचारावे. गळ घालू नये, माझा जीव धोक्यात आहे वगैरे सांगू नये, रिक्षा आधीच आणून उभी करू नये. ती नाही म्हणाली तर दार ओढून घ्यावे आणि मला तसेच येऊन सांगावे. ती वाटेत आहे, असे खोटे मला सांगू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोघांसमोर सही केली.

काजल ईश्वरदास निनावे

साक्षीदार:
१. सौरव चंपतराव पौनीकर, सहकारी
२. रितिका अंकुश सोनकुसरे, मैत्रीण

स्थळ: टिमकी, नागपूर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार